दोनदा खाली

"माणूस तुम्ही मारायचा आणि माफी आम्ही मागायची?"

वारसितीने सुई मोगऱ्याच्या कळीतून आरपार ओढली. ज्यांना ती हे विचारत होती ते तिथे नव्हते. मागच्या ओट्यावर फुलं ओवणाऱ्या बायका होत्या, चुलीवर चहाचं पातेलं होतं, आणि भिंतीपलीकडे अंगणात तिच्या नवऱ्याच्या, पार्योनोच्या, जनाज्याभोवती खुर्च्या मांडल्या जात होत्या.

"हळू, वहिनी," लास्त्री म्हणाली. ती पार्योनोची धाकटी बहीण. "यायचेच आहेत ते. पुढची खुर्ची पुसून ठेवलीय त्यांच्यासाठी."

"कोणी पुसली?"

लास्त्रीने मान खाली घातली. बाकीच्या बायका एकदम फुलांच्या देठांत गुंतल्या.

काल चुनखडीच्या खाणीत कड्यावर लटकून काम करताना पार्योनोचा दोर तुटला होता. दोर झिजलाय हे साऱ्या गावाला माहीत होतं, कारण त्यानेच ते कचेरीत जाऊन खाणीच्या साहेबांना सांगितलं होतं. पण कसं सांगितलं? जावा बेटावरचा भला माणूस सांगतो तसं. चपला पायरीखाली काढून, हात पोटाशी जुळवून, पाठ वाकवून. मी अडाणी, साहेब, माझंच चुकत असेल, पण दोर जरा जुना वाटतो. साहेबांनी हसून मान डोलावली होती. आणि काल प्रेत बाहेर आणल्यावर त्याच साहेबांनी पोलिसांपुढे सांगितलं की चूक त्या मजुराचीच होती, दोर बांधताना तोच चुकला, आपलं चुकतं हे तो स्वतःच कबूल करून गेला होता, हवं तर विचारा इथल्या कोणालाही. विचारलं. नाही कोण म्हणणार? शब्द तेच होते.

या वागण्याला जावाच्या बोलीत एक शब्द आहे, अंढाप-आसोर. अंढाप म्हणजे खाली आणि आसोर म्हणजेही खालीच. एकदा खाली जाऊन भागत नाही. पोरगं धड उभं राहायच्या आत त्याला हे शिकवतात. वडीलधाऱ्यांपुढून जाताना वाक. बोट रोखू नको, मूठ मिटून अंगठ्याने दाखव. स्वतःला कमी म्हण, म्हणजे समोरचा तुला हाताला धरून वर बसवेल. शब्दाचा निम्मा भाग हा असा समोरच्याने पुरा करायचा असतो. पण मोठ्या लोकांनी पहिला निम्माच तेवढा पाठ केला. दर स्वातंत्र्यदिनाला साहेब मैदानात सांगत, या गावच्या माणसाचा दागिना कुठला, तर अंढाप-आसोर. खुर्चीत बसून खालच्याचं कौतुक करायला कोणाच्या बापाचं काय जातं?

आणि आज पुन्हा तेच होणार होतं. माती द्यायला निघण्याआधी गावातला एक वडीलधारा उभा राहतो, मेलेल्याच्या वतीने जमलेल्यांची माफी मागतो आणि मग लोकांना विचारतो, हा माणूस कसा होता? लोक मोठ्याने म्हणतात, चांगला. त्याशिवाय जनाजा हलत नाही. रीत वाईट नव्हती. पण ती माफी आज साहेबांच्या तोंडापुढे मागितली जाणार होती. काल त्यांनी चूक पार्योनोच्या माथी मारली होती, आज घरचेच त्या आरोपावर शिक्का मारणार होते.

बोलणार होते दार्मो आजोबा. गावातल्या प्रत्येक मयतीला तेच बोलत. त्यांच्यासारखी जुनी, अदबीची भाषा आता कोणाला येत नव्हती, आणि ती बोलताना ते स्वतःला इतके कमी करत की बोलणारा कुठे गेला असं वाटावं. वारसिती चहाचा पेला घेऊन फणसाखाली त्यांच्याकडे गेली.

आजची माफी गाळा, असं तिने त्यांना सांगितलं. निदान ते बसलेले असताना तरी नको. आजोबांनी ऐकून घेतलं. मी बोलतो तो मेलेल्यासाठी, म्हणाले, मागितल्याशिवाय त्याला पाठवू कसा?

"म्हणजे त्यांनाच मोकळं करणार तुम्ही."

आजोबांनी चहावर फुंकर घातली. मग विचारलं, "पार्योनो कचेरीत काय बोलला होता? जसंच्या तसं सांग."

तिने सांगितलं. आजोबा ते शब्द ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहत होते.

"बरोबर बोलला होता," ते म्हणाले. "माझ्याकडेच शिकला."

अर्धा चहा तसाच ठेवून त्यांनी पेला परत दिला. वारसितीने उरलेला चहा फणसाच्या मुळाशी ओतला आणि ती वळली.

साहेब आले. काळा चष्मा, अंगात इस्त्रीचा बाटिक सदरा. मागे दोन माणसं दाराएवढं फुलांचं चक्र घेऊन आली आणि ते कुठे ठेवावं हे न कळून जनाज्यालाच टेकवून उभं केलं. लास्त्रीच्या नवऱ्याने ते उचललं आणि कुंपणापाशी नेऊन ठेवलं. तोही खाणीत दोरावर लटकणारा. उद्या त्यालाही तसल्याच जुन्या दोरावर चढायचं होतं.

आजोबा उभे राहिले. त्यांनी माफी मागितली. पार्योनोच्या हातून, पायातून, तोंडून, जाणता-अजाणता कोणाला काही लागलं असेल तर इथेच सोडून द्या, त्याची वाट हलकी करा. एकही शब्द त्यांनी गाळला नाही. साहेबांनी मान डोलावली, दिलं सोडून, अशी. दारात उभ्या वारसितीने नखं तळव्यात रुतवली.

मग जनाजा खांद्यावर चढला आणि घरची माणसं शेवटच्या निरोपाच्या रीतीप्रमाणे त्याखालून वाकून जायला लागली. वारसितीची पाळी आली. नवऱ्याच्या देहाखाली ती वाकली, आणि आयुष्यभराच्या सगळ्या वाकण्यांत हेच एक तिला जड गेलं नाही. पलीकडे निघाली तेव्हा ती पुरुषांच्या बाजूला आली होती. परत बायकांच्या दाराकडे जायला हवं होतं. ती गेली नाही.

"लोकहो," आजोबांनी विचारलं, "हा माणूस कसा होता?"

"चांगला," अंगण म्हणालं.

त्यांनी पुन्हा विचारलं, रीतीप्रमाणे तिसऱ्यांदाही विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, शेवटच्या वेळी कुंपणाबाहेरूनही. साहेब चष्म्याची काच पुसत होते. खांदेकऱ्यांनी पाऊल उचलायची तयारी केली.

पण आजोबांच्या तोंडून चला हा शब्द आला नाही.

आजोबा वाकले आणि उकिडवे झाले. दरबारात सरकतात तसे, हात पोटाशी धरून, साहेबांच्या खुर्चीपर्यंत सरकत गेले. तिथे जमिनीवरच बसले.

"मी अडाणी, साहेब," ते म्हणाले. "माझंच चुकत असेल. पण एवढ्या आवाजांत आपला आवाज ऐकू आला नाही."

अंगणातल्या प्रत्येक खाणमजुराला ते शब्द ओळखू आले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. वारसितीच्या मिटलेल्या मुठी सुटल्या.

साहेब हसले. मान डोलावली.

"मान दिसली," आजोबा म्हणाले. "म्हाताऱ्याचे कान गेलेत, जरा मोठ्याने हवं."

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले, आजोबांच्या दंडाला हात घालायला लागले. उठा आजोबा, असं काय करता, तुम्ही वडीलधारे, वर बसा. शब्दाचा उरलेला निम्मा त्यांना आता आठवला होता. आजोबा हलले नाहीत. इथे बरं आहे, म्हणाले. मग मूठ मिटून, अंगठ्याने, फार आदराने त्यांनी जनाज्याकडे दाखवलं.

"हा माणूस कसा होता? आत्ता सगळे म्हणाले तसा, की काल आपण म्हणालात तसा? आपण सांगा, म्हणजे नेतो त्याला."

लास्त्रीच्या नवऱ्याने पुढचा दांडा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला आणि पाय रोवले. बाकीचे तिघेही तसेच उभे राहिले. साहेबांनी मागे वळून पाहिलं. फुलांचं चक्र आणणारी माणसं आता गर्दीत मागे होती आणि गर्दी वाट करून देत नव्हती.

वारसिती चार पावलं पुढे आली. वाकली नाही. आवाजही चढवला नाही.

"बोला, साहेब," ती म्हणाली. "खांद्यावर माणूस आहे."