मॅलाकी टूहीचा शेवटचा मोसम

मॅलाकी टूही आठवडाभर आयर्लंडमधल्या यॉल गावातल्या दुकानांना पाव पोचवायचा आणि रविवारी दुपारी गावाच्या फुटबॉल क्लबसाठी गोल मारायचा. तरुणपणापासून हेच चाललं होतं. गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. पावाचा ट्रे खाली ठेवायच्या आत कुणीतरी दंड धरायचंच.

"मॅल, काय तो डब्लिनवाल्यांना मारलेला गोल! आमचा म्हातारा मरेपर्यंत त्याचंच बोलत होता बघ."

मॅल हसायचा. तो गोल आता त्याला स्वतःला आठवत नव्हता. लोकांनी सांगितलेलाच आठवायचा.

विशीत त्याला इंग्लंडच्या एका क्लबने बोलावलं होतं. हिवाळा संपायच्या आत तो परत आला. गावाच्या मायेने आला, असं सगळे अभिमानाने सांगत. खरं तर तिथल्या भाड्याच्या खोलीत त्याला एकट्याला रडू कोसळायचं. हे फक्त त्याच्या बायकोला, अट्रॅक्टाला, ठाऊक होतं. गावाची समजूत खोडून काढायचं मॅलच्या जिवावर येई.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका मोसमात त्याचा उजवा गुडघा कामातून गेला. डॉक्टर सुईने पाणी काढत, ते पुन्हा भरे. मोसमातला शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. जिंकलो तरच वरच्या गटात राहणार, अशी वेळ आलेली.

"शेवटी शेवटी तुला उतरवतो," प्रशिक्षक ब्रॉस्नन म्हणाला. एकेकाळी तो मॅलच्याच जोडीने खेळला होता. "पळू नकोस. नुसता उभा राहा. तुला बघून लोकांना हुरूप येतो."

एक-एक अशी बरोबरी असताना मॅल उतरला. सगळं मैदान त्याच्या नावाने ओरडायला लागलं. समोरच्या संघाचा बचावपटू लॉक्नेन जवळ आला आणि दरवर्षीसारखा त्याचा शर्ट मुठीत धरून उभा राहिला.

"जिवंत आहेस होय रे अजून?"

"तसं वाटत तर नाही. तुझं काय?"

"पाठ गेली. आज शेवटचं."

"कुणाला बोलू नकोस मग. समजूत घालायला दारात येऊन बसतात."

लॉक्नेन फसकन हसला. तेवढ्यात कॉर्नरचा चेंडू आला. दोघांनी उडी मारली. उडी कसली, टाचा उचलल्या. चेंडू मॅलच्या कमरेवर आदळला आणि गोलरक्षकाच्या बगलेखालून हळूच आत गेला.

क्लब वाचला. शिट्टी वाजताच लोक कुंपण ओलांडून धावले. मोठमोठे बाप्ये रडत होते. खांद्यांवर बसलेल्या मॅलला एवढंच वाटत होतं, की कुणीतरी आपल्याला खाली ठेवावं.

कपडे बदलायच्या खोलीत ब्रॉस्नन शेजारी येऊन बसला. "अजून एक वर्ष, मॅल. फक्त घरचे सामने."

"नाही."

"अरे, लोकांना काय सांगू?"

"दमलो म्हणून सांग."

"तेवढ्याने ऐकणार नाहीत ते."

"मग मेलो म्हणून सांग," मॅल म्हणाला आणि बुटाची नाडी सोडायला वाकला. गुडघा वाकेना. ब्रॉस्ननने खाली बसून त्याचे दोन्ही बूट काढले.

नवा मोसम सुरू झाला. पहिल्या रविवारी खिडकीतून मैदानावरचा गलका आत आला. अट्रॅक्टाने बटाटे सोलता सोलता विचारलं, "जाऊन यायचंय का?"

"नको."

"वाईट वाटतंय?"

त्याने जरा विचार केला. "वाटेल बहुतेक. आत्ता झोप येतेय."

आणि पाय स्टुलावर ठेवून, सामना अर्ध्यावर असतानाच, तो खुर्चीत गाढ झोपला. पुढे मैदानावर मोठा ओरडा झाला, तेव्हा अट्रॅक्टाने उठून खिडकी लावून घेतली.