खापर, आखाजी आणि लंकेची कासवं

मित्रांनो, मला पालथं पाहून कीव करू नका. मी एक जुनं खापर आहे आणि पालथं बसणं हाच माझा धंदा आहे. घागरी, हंडे तोंड वर करून पोटात पाणी साठवतात आणि मोठेपणा मिरवतात. मी चुलीवर तोंड खाली करून बसतो, आणि माझ्या पाठीवर जे भाजलं जातं त्यासाठी लोक दारात रांग लावतात.

माझा जन्म अमळनेरच्या बाजूचा, बोरी नदीच्या काठचा. दगा कुंभारानं गाळाची माती चाळली, तीत राख मळली आणि थापटण्यानं मला असं बडवलं की पाठ अजून विसरली नाही. तो म्हणायचा, फार जाड खापर आणि फार शहाणा जावई घराला सोसत नाही. म्हणून त्यानं मला पातळ केलं.

प्रमिलाबाईला मी लग्नात आईकडून मिळालो. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन तिनं मला सुरतेच्या गाडीनं आणलं. तिचा नवरा बळीराम कडोदऱ्याला लूम चालवायचा, खोली लिंबायतला होती. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीनं सगळे गावाकडे पळाले, तेव्हा प्रमिलाबाईनं कपड्यांचं गाठोडं खोलीतच ठेवलं आणि मला उचललं. बळीराम चिडला. ती म्हणाली, कपडे काय, सुरतेत कुठंही मिळतात.

आमचं काम पाहण्यासारखं असतं. पुरण भरलेली पोळी प्रमिलाबाई पोळपाटावर थोडीच लाटायची. मग ती दोन्ही हातांवर घेऊन झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि अलगद माझ्या पाठीवर टाकायची. हाच आमचा खानदेशी मांडा. हात तिचे, आंच माझी. कौतुक मात्र लोक तिचंच करायचे, पण मला ठाऊक आहे मी काय आहे ते.

त्यांची एकुलती एक मुलगी सुषमा. लहानपणी ती माझ्या पाठीवरून बोट फिरवायची आणि मला कासव म्हणायची. पुढं कॉलेजात तिनं प्राणिशास्त्र घेतलं. एकदा सरांनी वर्गाला सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या किनाऱ्यावर नेलं. तिथं जाळ्यात अडकून मेलेलं एक मोठं कासव वाळूत पडलं होतं आणि भोवती माणसांची गर्दी होती. जिवंत होतं तेव्हा कुणी आलं नाही, मेल्यावर सगळे पाहायला आले, असं घरी येऊन ती म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

सत्त्याण्णव साली सरांनीच बातमी आणली. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायला दोन महिने मुलं-मुली हवी होती आणि सुषमाची निवड झाली होती. राहणं-खाणं त्यांचं, विमानाचं भाडं आपलं. महिनाअखेर भाडं जमलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. बळीराम म्हणाला, अंडी राखायला परदेशी कशाला, दारात कोंबड्या पाळू. पोरीनं त्याचं ताट वाढून आणलं. त्यामुळे तोच ओशाळला आणि तंबाखू मळायला लागला.

प्रमिलाबाई मात्र माझ्याकडे पाहत होती. "मना हात शेतस, खापर शे," ती म्हणाली. "आखाजीले मांडा इकसूत."

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात, झोके घेतात, मांडे आणि आमरस खातात. पण ज्यांच्या नवऱ्यांना कारखान्यातून सुटी मिळत नाही, त्या बायका सुरतेतच अडकतात. त्या विकत घेतीलच, असा प्रमिलाबाईचा हिशेब. घरात होतं नव्हतं ते सगळं गहू, डाळ, गूळ आणि आंब्यांत घातलं. पैसे कशासाठी हवेत ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. मान मोठा ना तिचा.

सणाच्या सकाळी पहिली आली ती मागच्या गल्लीतली कुसुम. तिचे आईवडील केव्हाच वारले होते. पहिला घास घेताच ती रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं पदराची गाठ सोडली, तर प्रमिलाबाईनं तिचा हात मागं सारला.

"आखाजीले आंडेरकडथीन पैसा लेतस का व?"

आंडेर म्हणजे लेक. झालं! कुसुममागून दुसरी आली, तिसरी आली. सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या लेकी, सगळ्या माहेरच्या भुकेल्या. लेकींच्या सणाला लेकींनाच मांडे विकायला निघालेली बाई जगात एकच असेल, आणि ती माझी मालकीण! दुपार उतरली तेव्हा पातेली रिकामी होती आणि पैशांचा डबाही रिकामा होता. उभ्या आयुष्यात मी इतकं सुरेख भाजलं नव्हतं आणि इतकं फुकटही.

मग प्रमिलाबाईच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. ती भिंतीला टेकून खालीच बसली. सुषमा गुपचूप भांडी घासत होती. तिचा चेहरा मला दिसत होता, आणि मित्रांनो, तो पाहवत नव्हता. पण आवाज तिनं हसरा ठेवला.

"जाऊ दे ना, आई. कासवं काय पळून जातात का?"

बळीरामच्या पोटात काही राहत नाही. त्यानं सगळी हकीकत गल्लीभर केली. दुसऱ्या दिवशी कुसुम चार बायकांना घेऊन दारात उभी.

"तू आमले माहेर दिनं," ती म्हणाली. "मंग सुषमा आमनी बहीण. तिनी बोळवण आम्ही करसूत. सामान आमनं, तू मांडा कर, पैसा मी लेसू. माले लाज नई वाटस."

लेकीला वाटेला लावताना करायच्या बोळवणीला नाही कोण म्हणणार? प्रमिलाबाईनं पदर खोचला.

त्या रविवारी प्रत्येक बाईनं आपापलं खापर माळ्यावरून उतरवलं. गल्लीत चुली मांडल्या गेल्या. रिंगरोडच्या कापडबाजारात निरोप गेले होते, तिकडची गुजराती कुटुंबं स्कूटरवरून आली. सुरतचं जमण, म्हणजे जेवण, आणि काशीचं मरण म्हणतात ते उगीच नाही. सुरती माणूस खाण्यापुढं भाव विचारत नाही. कुसुम डबा मांडीत घेऊन बसली होती. तिनं सख्ख्या दिरालासुद्धा सोडलं नाही. बळीराम लाकडं पुरवत होता आणि येईल त्याला कासवांची माहिती अशी देत होता, जणू अंडी त्यानंच घातली आहेत.

सुषमा बाहेर आली आणि थांबली. धुळीत एकामागं एक आमच्या तांबूस-काळ्या पाठी मांडलेल्या होत्या.

"आई, बघ ना," ती म्हणाली, "सगळी किनाऱ्यावर आली."

माझं आयुष्य त्या दिवशी सार्थकी लागलं. पुढच्या रविवारी भाडं पूर्ण झालं आणि आनंदाच्या भरात बळीरामनं माझ्या पेटत्या चुलीवर ती विझवायला पाण्याची बादली ओतली. माझ्या काठाला तडा गेला तो तेव्हाचा. त्याला मी माफ केलं आहे, प्रमिलाबाईनं अजून केलेलं नाही.

सुषमा गेली, आणि रापून, वाळून पण ताठ मानेनं परत आली. तिनं आईला सांगितलं की वाळूतून काढलेलं अंडं जसं होतं तसंच ठेवावं लागतं, उलटलं तर आतला जीव जातो. प्रमिलाबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, बरं झालं तू गेलीस, माझा हात तर उलटं ठेवण्याचाच आहे.

आता घरात गॅस आला आहे आणि मी माळ्यावर आहे. सुषमा हजीऱ्याच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर हिंडते, जाळ्यात आलेलं कासव जिवंतपणी सोडवायला शिकवते. मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर, तुमच्याही किनाऱ्यावर कुणीतरी असेल. फुटल्यावर हळहळू नका, मेल्यावर गर्दी करू नका. आधी या.

उद्या आखाजी आहे, आंडेर घरी येणार आहे. मला खाली उतरवा, तेलाचा हात फिरवा आणि आंच हळूहळू वाढवा. तडा काठाला आहे. मांडा पाठीवर टाकायचा असतो, आणि पाठ माझी अजून शाबूत आहे.