छोटीचा हात

छोटी सभेला पोहोचली तेव्हा सभागृहाचे हिरवे पडदे ओढलेले होते आणि आतला दुपारचा उजेड तळ्याच्या तळाशी असतो तसा झाला होता. पंखे फिरत होते, तरी वारा लागत नव्हता. छोटी आता चांगली दोन लेकरांची आई, नगरपालिकेची सदस्य. पण नगराध्यक्ष असलेला तिचा दादा तिला छोटी म्हणायचा, म्हणून साऱ्या गावाने तेच उचललं. गावाला काय, आयतं नाव मिळालं की झालं!

दादा खुर्चीत बसला होता. न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं होतं. पाण्याची टाकी न धुताच धुतली म्हणून त्याने सही ठोकली, आणि ते पाणी पिऊन खालच्या वस्तीतली चिमुरड्या बहीण-भावाची जोडी गेली. शिक्षा झाली, अपील झालं, जामीन झाला, आणि स्वारी पुन्हा खुर्चीत. आता त्याला उतरवायचं तर सदस्यांनी हात वर करायचे होते. एक हात कमी पडत होता. तो कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको.

सकाळी वहिनीने फोनवर बजावलं होतं, "घरच्या माणसाने तरी हात वर करू नये, एवढंच सांगते." मागून दादाचा आवाज आला, "तिला म्हणावं काहीतरी खाऊन ये, सभा लांबेल." बस्स. त्यापेक्षा त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं छोटीला वाटलं.

उपाध्यक्ष ठराव वाचू लागले. चष्मा पुसला, खोकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू. छोटीचे डोळे जड झाले. हिरवा उजेड गुडघ्यापर्यंत चढला, मग कमरेपर्यंत, आणि ती गावाबाहेरच्या तळ्यात होती. पोटाखाली दादाचा तळवा. "सोडतो हं. घाबरलीस तर हात वर कर, मी आलोच." तो सोडायचा, नाकातोंडात पाणी जायचं, तिचा हात वर जायचा आणि दादा यायचा. कधी चुकला नाही. एकदा तर नव्याकोऱ्या कपड्यांसकट उडी टाकली, आणि घरी मार खाल्ला तोही एकट्याने.

मग त्याच पाण्यात तिला आणखी दोन हात दिसले. इवलेसे, एकमेकांना लागून वर आलेले. त्यांच्याकडे कुणीच पोहत येत नव्हतं.

"ठरावाच्या बाजूने कोण?" उपाध्यक्षांनी विचारलं.

आजूबाजूचे हात वर गेले. छोटीचा मांडीवरच पडून होता. दादावर तिचा फार जीव होता. तो आजही तसूभर कमी झाला नव्हता, आणि हीच तर सगळी पंचाईत होती. तिने हात उचलला. कोपरात न वाकवता, सरळ, तळ्यात उचलायची तसा. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याला काय झालं कोण जाणे, खुर्ची मागे सारून तो उठला. टेबलांमधून वाट काढत, सगळ्यांच्या देखत, तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"आलो गं," तो म्हणाला.

उपाध्यक्ष हात मोजू लागले. छोटीने आपला हात खाली घेतला नाही. तो अवघडून कलायला लागला, तेव्हा दादानेच तो कोपरापाशी धरून ठेवला.