भोकांची पट्टी

१९७४ साली मी नवीकोरी होते. मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची पट्टी आहे. छापखान्यात ठोकून ठोकून माझ्या अंगाला बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडली. उत्तरपत्रिकेवर मला ठेवायचं आणि भोकांतून पेन्सिलीची जितकी काळी टिंबं दिसतील तितके गुण द्यायचे. सगळ्या शाळांना एकच पेपर आणि एकच माप. "हिला ना नातं ना गोतं," असं माझं कौतुक व्हायचं आणि मी फुगायचे.

मुलं मला घाबरायची. एका दुपारी मात्र मीच घाबरले.

व्हरांड्यात एक मुलगी भिंतीला चिकटून निकालाची वाट पाहत होती. तिला सगळे चिमणी म्हणत. नापास झाली तर वडील तिला शाळेतून काढणार होते. तिच्या वर्गाच्या बाईंनी तिचा कागद माझ्याखाली घेतला. माझी वरची दोनचार भोकं काळी, पुढची सगळी पांढरीफटक. मग त्यांनी मला एक ओळ वर सरकवलं आणि भोकामागून भोक काळं होत गेलं.

"साहेब, पोरीने न येणारा प्रश्न सोडला, पण त्याची ओळ रिकामी सोडायला विसरली. पुढचं सगळं बरोबर आहे हो."

तपासणीस साहेबांनी घाम पुसला. "बाई, आज हिच्यासाठी सरकवलीत, उद्या गावभरचे आईबाप येतील पट्टी सरकवायला. त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"आणि माझी नोकरी काय तुमचे मामा सांभाळणार?"

माझ्यातून दिसले तेवढेच गुण पडले.

चिमणी दाराशी आली. "बाई, मी उद्या येऊ ना?"



वडिलांनी तिला शाळेतून काढलंच. पुढे साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. बाईंनी चिमणीला कितीतरी वर्षं स्वतःच्या घरी शिकवलं. आज तिचं शिवणकामाचं दुकान आहे. नुसत्या नजरेने ती अंगाचं माप सांगते, पण कुठे सही करायची झाली की ओळीवर बोट ठेवून दोनदा विचारते, "इथेच ना?" माझं काम यंत्राकडे गेलं आणि मी बाईंच्या कपाटात आले.

मित्रांनो, माप लागतंच, मला फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण गुण लिहिण्याआधी एकदा मला उचलून अख्खा कागद पाहा. दाराशी कुणीतरी उभं असतं, याची मला अजून भीती वाटते.