जाडा सरदार हौदात पडतो

क्वीन्सटाउनच्या त्या फ्लॅटमध्ये रोज दुपारी एकच सिनेमा लागायचा. जुना, इटालियन, तलवारबहाद्दरांची टिंगल करणारा. जाडा सरदार झुंबराला लटकून झेप घ्यायला जाई, झुंबर तुटे आणि स्वारी घोड्यांच्या हौदात. नाकातून पाणी गाळत तो पुन्हा तलवार उपसायचा. त्या सिनेमात मरत कुणीच नसे.

निशिकांत खदाखदा हसायचे. अर्धांगाने उजवं अंग नेलं, वाचा नेली, पण हसू ठेवलं, असं सुलेखा येईल त्याला सांगायची. त्या हसण्यावरच तिची सगळी भिस्त होती. नवऱ्याला समजतं असं ठरलं तर ते घरी राहणार, नाहीतर इरा, त्यांची मुलगी, त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवणार. इराचंही चुकत नव्हतं. त्यांना उचलता उचलता आईच्या कमरेला पट्टा लागला होता.

डॉक्टरीणबाई तपासायला घरी आल्या. सरदार हौदात पडला, निशिकांत हसले. बाईंनी टीव्ही बंद केला, तरी ते हसतच राहिले. या आजारात असं हसू आपोआप येतं, त्यात आनंद असेलच असं नाही, असं त्यांनी सांगितलं. सुलेखाला रडू फुटलं. त्या रडण्यालाही निशिकांत खदाखदा हसले.

बाई गेल्या. इरा नर्सिंग होमला फोन लावायला कॉरिडॉरमध्ये गेली. सुलेखाने सवयीने सिनेमा सुरू केला, पण आज पडद्याकडे पाठ करून नवऱ्याकडे पाहिलं. तोंड हसत होतं. डोळे घट्ट मिटलेले.

पानात पडेल ते निमूट खाणारा माणूस. भाजी अळणी आहे हे त्यांनी जन्मात सांगितलं नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही. तिने त्यांचा डावा हात हातात घेतला.

"अहो, बंद करू का हे? करायचं असेल तर माझं बोट दाबा."

बोट दाबलं गेलं, कळ येईल इतकं.

"पहिल्यापासूनच नको होतं?"

पुन्हा दाबलं. तिने टीव्ही बंद केला. म्हणजे समजत होतं. सगळं समजत होतं. तिला उभं राहून इराला हाक मारायची होती. त्याआधी तिने शेवटचं विचारलं, "घरीच राहायचं ना?"

हात तिच्या हातात नुसता पडून राहिला. डोळे उघडे होते, तिच्या कमरेच्या पट्ट्यावर खिळलेले.

इरा दारात आली, तेव्हा सुलेखा तशीच बसून होती.

"जिथे ठेवशील तिथे सांग," ती म्हणाली, "ह्यांना सगळं समजतं. आणि टीव्हीसमोर बसवू नका म्हणावं."