खाली एकशे आठ

या, जरा पुढे सरका. बुवा अजून पागोटं बांधतायत, तोवर आमच्या पंचवटीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. कान मात्र इकडे ठेवा.

मनाली माझी शेजारीण, आठवीत शिकते. तिची मैत्रीण दिशा. शिक्षकदिनाला आठवीच्या मुली साड्या नेसून खालच्या वर्गांना शिकवतात ना, त्यात सातवीला शेकडेवारी शिकवायचा मान गणिताच्या सुनील सरांनी मनालीला दिला होता. पोरीनं मामीची जांभळी साडी इस्त्री करून ठेवलेली.

दिशाला शेकडेवारी काही जमेना. एका संध्याकाळी कीर्तनाआधी, याच मंडपात, मनालीनं माझी माळ मागून घेतली.

"हे बघ दिशे, पूर्ण माळ एकशे आठ मण्यांची. सत्तावीस ओढून झाले. भाग वर, पूर्ण खाली. सत्तावीस छेद एकशे आठ बरोबर क्ष छेद शंभर. आता तिरका गुणाकार कर."

"पंचवीस! म्हणजे पंचवीस टक्के जप झाला?"

"झाला की! विठ्ठल विठ्ठल म्हण आता."

दोघी इतक्या हसल्या की पुढे बसलेल्या कमळाबाईंनी डोळे वटारले.

चाचणीत प्रश्न आला : चाळीसपैकी तीस मुलं हजर, तर हजेरी किती टक्के? दिशाच्या डोक्यात माळच फिरत होती. शंभराच्या जागी तिनं एकशे आठ मांडले. उत्तर एक्क्याऐंशी!

सरांनी विचारलं, "हे कुठून आणलंस गं?"

"मनालीनंच शिकवलं सर. खाली एकशे आठ घ्यायचे म्हणाली."

मनाली ताडकन उठली. "सर, ती माळ होती म्हणून..."

"माळ घरी. शाळेत गणित. असं शिकवणार होतीस सातवीला?"

दिशानं मान वर केली नाही. सरांनी तिला बरोबर रीत समजावली, वर 'शिकवलं की पक्कं होतं' म्हणत मनालीचा तास तिलाच देऊन टाकला. मनालीला मागच्या बाकावर बसून वर्ग शांत ठेवायला सांगितलं.

संध्याकाळी हे कळल्यावर मी मनालीला म्हटलं, "मी येते गं सरांकडे. माळ माझीच होती."

"नको काकू. तिनं सांगायला हवं होतं." एवढं बोलून पोरगी आत गेली. जांभळी साडी तिनं नेसलीच नाही.

शिक्षकदिनी दिशानं फळ्यावर गणित घातलं : वर्गातली साठ टक्के, म्हणजे अठरा मुलं सहलीला गेली, तर वर्गात मुलं किती? तिनं अठरा खाली लिहिले, क्ष वर. उत्तर दहा पूर्णांक आठ.

"मॅडम, सहलीला अठरा अन् वर्गात दहाच?" एक मुलगी ओरडली. "आणि तो पॉइंट आठवाला कोण? आमचा बुटका रुद्र?"

वर्ग खदखदला. दिशाच्या हातातला खडू थांबला. तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं.

मनालीला गप्प बसता आलं असतं. पण सातवीची पोरं चुकीचं उतरवून घेत होती.

ती उभी राहिली. "मॅडम, अठरा हा भाग आहे, तो वर. पूर्ण माहीत नाही, म्हणून क्ष खाली. उत्तर तीस येईल."

मधल्या सुटीत दिशानं मनालीला नळापाशी गाठलं. "मनू, रागावलीस? अगं, सर ओरडले की मला काही सुचतच नाही."

"नाही मॅडम," मनाली म्हणाली, आणि बाटली भरून निघून गेली.

वर्ष संपत आलं, अजून ती दिशाला मॅडमच म्हणते. कीर्तनाला येते, पण एकटी. त्या खांबाला टेकून बसते.

टाळ वाजले बघा. आता नाम घ्याल, तेव्हा माझ्या मनालीची आठवण ठेवा.