मेरक पळाल्यानंतर

ज्योत्स्ना आणि कोकिळा शिरपूरच्या एकाच शाळेत शिकवायच्या. ‘मिठागराचे पहारेकरी’ ही जाडजूड कादंबरी कोकिळाने धुळ्याच्या पुस्तक प्रदर्शनातून आणली आणि दोघींनी एकाच प्रतीवर वर्ष काढलं. मधल्या सुट्टीत एक वाचायची, दुसरी डबा खाता खाता ऐकायची.

गोष्ट खाऱ्या वाळवंटातल्या एका शहराची. वेशीवर पाच पहारेकरी, आणि पाचांपैकी एकाचेही हात स्वच्छ नाहीत. औषधं देणारी मायणी दोन्ही सैन्यांना औषध विकते. म्हातारा कोतवाल लेक वाचवायला निरपराध माणूस फासावर देतो. तरी कोणाचा राग धरवत नाही. ज्योत्स्नाला पुस्तक आवडायचं ते यासाठीच.

भांडण व्हायचं ते मेरकवरून. बुरुजाला आग लागते तेव्हा हा पहारेकरी साथीदारांना आत सोडून पळतो.

“याला माफी नाही,” कोकिळा म्हणायची. “बाकी सगळ्यांना आहे. याला नाही.”

“अगं, भीती काय त्याने मागून घेतली होती?” ज्योत्स्ना म्हणायची. दर वेळी हेच वाक्य. कोकिळा तिची नक्कल करून ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवायची.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी सोनगीरच्या अलीकडे, महामार्गावर उभ्या टँकरवर कोकिळाची गाडी आदळली. नवरा नवल चालवत होता. तो बाहेर पडला. तिच्या बाजूचं दार चेपलं होतं. इंजिनातून धूर निघाला, डिझेलचा वास आला, आणि नवल रस्ता ओलांडून कपाशीच्या शेतात पळाला. ढाब्यावरच्या माणसांनी काच फोडून कोकिळाला काढलं. धुळ्याच्या दवाखान्यात ती पहाटेपर्यंत जगली. गाडीला आग लागलीच नाही.

दहाव्याला नवलने हात जोडले तेव्हा ज्योत्स्नाने मान फिरवली.

पुस्तक तिच्याकडेच राहिलं होतं. जानेवारीत तिने ते उघडलं. मेरकच्या पानावर आली आणि अगदी कानाशी, हसू दाबलेला कोकिळाचा आवाज आला, “अगं, भीती काय त्याने मागून घेतली होती?”

तिने पुस्तक मिटलं. पुन्हा कधी उघडलं, तर त्या पानावर पुन्हा तेच. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं. मग पुस्तक न उघडताही आवाज येऊ लागला. वर्गात फळा पुसताना, भाकरी थापताना. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी, भर उन्हात, नवल दारात आला. गालफडं बसली होती.

“ताई, ते पुस्तक तुमच्याकडे शे ना?” त्याने अहिराणी वळणाने विचारलं.

तिने त्याला बसायला सांगितलं नाही. तो उंबऱ्याबाहेरच चवड्यांवर बसला.

“ती जेवताना गोष्ट सांगायची. मेरक पळतो इथवर आली आणि म्हणाली, पुढे तो मरतो. वाळवंटात, एकटा. खरं शे का ते?”

“तुम्हाला कशाला हवंय?”

“बठ्ठं गाव, सगळं गाव, माले पळपुटा म्हणस. ते खोटं नही शे,” तो म्हणाला. मग शहरी बोलीवर आला. “मला फक्त तेवढं पान दाखवा. तो कसा मरतो ते.”

मेरकच्या नावाने तो स्वतःच्या मरणाचं विचारतोय, हे ज्योत्स्नाला कळलं. तिने दार पूर्ण उघडलं.

“आत या, नवलभाऊ. तो मरत नाही. कोकिळाने तुम्हाला खोटं सांगितलं, तिला त्याचा राग होता. तो परत येतो. त्याच शहरात राहतो, त्याच बुरुजाखाली. लोकांना पाणी भरून देतो. लोक पाणी पितात, त्याच्याशी बोलत नाहीत.”

“किती दिवस?” त्याने आत येऊन उभ्यानेच विचारलं.

“म्हातारा होईपर्यंत.”

नवलचा चेहरा असा झाला, जणू शिक्षा वाढवली होती. “आणि माफी?”

“काही जण करतात. काही करत नाहीत.”

“तुम्ही?”

पंखा फिरत होता. कोकिळाचा आवाज येईल म्हणून ती वाट पाहत राहिली, आणि नेमका तेव्हा तो आला नाही. मग जे तिने त्या रात्री दवाखान्यातून आल्यापासून कोणालाही सांगितलं नव्हतं, ते ती बोलली.

“मी पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. एकच विचारत होती. नवलला लागलं नाही ना? मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, बरं झालं.”

नवल भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. त्याच्या घशातून निघालेला आवाज ऐकून शेजारची रत्ना खिडकीत आली. ज्योत्स्नाने तिला हातानेच जायला सांगितलं. हे आधी सांगायला हवं होतं की कधीच नको होतं, तिला कळेना.

तिने पाणी दिलं, ते तो प्यायला. ऊन उतरल्यावर तो उठला. पुस्तक मागितलं नाही.

“पुढच्या रविवारी या,” ती म्हणाली. “मी वाचून दाखवीन. मेरक परत येतो तिथून.”

तो आला. त्यापुढच्या रविवारीही आला. गल्लीत कुजबुज झाली, कोकिळाच्या आईने फोनवर ज्योत्स्नाशी बोलणं सोडलं. तो ओट्यावर बसून ऐकतो, मध्ये काही विचारत नाही, आणि प्रकरण संपलं की उठून जातो. ज्योत्स्ना अजून त्याच्या डोळ्यांत बघत नाही.